पंचाचं ताट

मनोज ठोंबऱ्याला फसवणं सोपं नव्हतं, आणि ही गोष्ट सगळ्यांत जास्त त्याला स्वतःलाच माहीत होती. घरी गॅसचा सिलेंडर आला की तो आधी वजनकाट्यावर चढवायचा. पेट्रोल भरताना पंपावरच्या पोराला शून्य दाखवायला लावायचा आणि मग त्या शून्याकडेही संशयाने बघायचा. खोपोलीच्या एका कारखान्यात तो गेटवर सुपरवायझर होता. बाहेर जाणाऱ्या पिशव्यांत वाकून बघणं हे त्याचं पगारी काम, आणि घरी आल्यावर तेच तो फुकटात करायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने एकच चोर रंगेहाथ पकडला होता आणि तो माकड निघाला. पण म्हणून त्याचा उत्साह काही कमी झाला नव्हता.

असा हा माणूस सावरखांडच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर. दरवर्षी भातकापणी उरकली की शिळफाट्याच्या अलीकडे रिकाम्या शेतांचे बांध मोडतात, धसकटं उपटून मैदान करतात आणि कर्जत-खालापूरच्या गावांचे सामने होतात. जिंकेल त्या गावाने पितळी ढाल न्यायची आणि वर्षभर आपल्या देवळात लावायची. सावरखांडच्या देवळाने ती ढाल आजवर पाहिली नव्हती. मनोज स्वतः खेळायचा तेव्हा गाव दोनदा फायनलला गेलं आणि दोनदा हात हलवत परत आलं. या वर्षी त्याचा पुतण्या ऋषिकेश कप्तान होता, पोरं जोमात होती, आणि गाव पुन्हा फायनलला पोचलं होतं. मनोजने सभामंडपाच्या भिंतीला, बरोबर नजरेच्या उंचीवर, ढालीसाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. ढाल आली नाही तर रोज सकाळी देवाच्या आधी त्या खिळ्याचं दर्शन घ्यावं लागणार होतं, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

समोर होतं खालापूरकडचं धामणखिंड. त्यांचा मॅनेजर लडकू, बारीक मिशीचा आणि सदा हसतमुख. सदा हसणाऱ्या माणसांवर मनोजचा विश्वास नसे, पण या खेपेला त्याच्या डोक्यात लडकू नव्हता. त्याच्या डोक्यात पंच होता.

पंचाचं नाव हरी गुप्ते. कर्जतच्या बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आजोबांपासून तिथलंच घराणं. पन्नाशीचे, सडपातळ, बोलणं हळू. गेली काही वर्षं फायनलला तेच पंच असायचे. आणि मनोजला खटकायचं ते हे की, या माणसाबद्दल कोणी वाईट बोलत नसे. चांगलंही बोलत नसे. बोलतच नसे. बाकीच्या पंचांना लोकांनी नावं ठेवली होती. एक आंधळा होता, एक शिट्टीमास्तर होता, एकाला तर पोरांनी सामना संपल्यावर पाटाच्या पाण्यात बसवलं होतं. गुप्त्यांना नाव नव्हतं. गेल्या फायनलला पंच कोण होतं असं विचारलं तर माणसं डोकं खाजवायची आणि म्हणायची, “व्हता कोन तरी काळ्या कपड्यातला.” ज्याला कोणीच शिव्या देत नाही त्याने सगळ्यांची तोंडं बांधलेली असणार, असं मनोजने मनाशी धरलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते त्यालाच शोधायचं होतं.

आता या सामन्यांची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. फायनलला दोन्ही गावं आपापल्या गोलच्या मागे चूल पेटवतात. सामना संपला की दोन पंगती बसतात, एक इकडे, एक तिकडे. पंच मात्र हरलेल्या गावाच्या पंगतीत जेवतो. इथे फुटबॉलऐवजी कबड्डी व्हायची तेव्हापासूनची ही पद्धत. ज्याच्या शिट्टीवर हरलो त्यालाच पहिली भाकरी वाढायची, म्हणजे राग तिथेच पत्रावळीबरोबर टाकला जातो, घरी येत नाही. त्यामुळे सामन्याआधी पंचाच्या जेवणाचं नाव कोणी काढत नाही. पत्रावळी मोजताना एखादं पोर चुकून ‘आणि एक पंचाची’ असं बोललं तर त्याच्या पाठीत धपाटा बसतो. पंचाचं ताट आधी मांडलं म्हणजे आपण हरणार हे आपणच कबूल केलं, असं दोन्ही गावं मानतात.

फायनलच्या सकाळी मनोज टेंपोतून टी-शर्टांचं गाठोडं उतरवत होता. आंब्याच्या झाडाखाली सावरखांडची चूल पेटली होती. एका टोपात कोंबडीचा रस्सा आणि दुसऱ्यात वालाचं बिरडं, आणि दोन्हींवर देखरेख मनोजची आई सुंदरा हिची. तिच्या शेजारी हेल्मेट मांडीवर घेऊन उकिडवे बसलेले गुप्ते दिसले, तसा मनोज गाठोड्यासकट टेंपोच्या आड झाला.

“मावशी, चष्मा कसा आहे?” गुप्ते विचारत होते.

“बरा हाय. नाकावरून खाली येतोय तेवढा.”

गुप्त्यांनी चष्मा घेतला, काडी जराशी वाकवली, रुमालाने काचा पुसून परत दिला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. मनोजचे कान टवकारले.

“एक काम होतं, मावशी. माझ्यापुरतं बिरडं मीठ घालायच्या आधी काढून ठेवाल का? अळणी. दिवाळीपासून बीपीची गोळी लागलीय. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय.”

सुंदराने मान वर केली. “आताच काढू?”

“एकदा मीठ पडलं की मग मला खाता यायचं नाही. आणि मी न खाता उठलो तर तुम्हाला वाईट वाटणार.”

सुंदराने एक छोटा स्टीलचा डबा घेतला, डावभर बिरडं त्यात काढलं, झाकण लावलं आणि डबा भाकरीच्या टोपलीमागे सरकवला. गुप्ते आभार मानून उठले आणि मैदानाकडे चालू लागले. ते काय करायला निघाले हे बघायला मनोजला वेळ नव्हता. तो तडक आईपाशी आला.

“आये, काय सांगत व्हता तो?”

“कोन?”

“आता उठून गेला तो गं.”

“चष्मा नीट करून दिला माजा.”

“आणि टोपलीमागं काय हाय?”

सुंदराने चुलीतलं लाकूड आत सारलं. “तुला घरी पन ह्याच चौकशा आणि हितं पन. बीपी हाय मानसाला. अळणी मागितलं, दिलं काढून.”

“म्हंजे पंचाचं ताट मांडून ठेवलंस तू सकाळीच?”

“ताट नाय मांडलं,” सुंदरा घाईने म्हणाली. “डब्यात ठेवलंय. झाकून. आपण जिंकलो तर मी खाईन ते.”

“त्याला कसं ठावं गं, तो आपल्यातच जेवनार ते?”

यावर सुंदराला उत्तर सुचलं नाही. तिने असा विचारच केला नव्हता. माणूस दुखण्याचा म्हणून तिने वाढून ठेवलं होतं, एवढंच. पण आईची जीभ अडली हे पाहून मनोजला जे कळायचं ते कळलं. सामना दुपारनंतर होता, आणि पंचाने संध्याकाळची जागा धरून ठेवली होती.

तो सामना मनोजने पाहिला असं म्हणता यायचं नाही. त्याने पंच पाहिला. नव्वद मिनिटं चेंडूकडे पाठ फिरवून माणसाकडे टक लावून बघणारा मॅनेजर त्या मैदानाने पहिल्यांदाच पाहिला असेल. आणि एकदा का माणसाकडे असं बघायला लागलं, की काय दिसत नाही? गुप्त्यांनी खेळाआधी दोन्ही जाळ्या ओढून पाहिल्या. धामणखिंडच्या जाळीपाशी जरा जास्त वेळ थांबले. गोलसमोर पडलेला एक दगड उचलून खिशात घातला. दगड खिशात कशाला घालायचा? टाकून द्यायचा की. नाणेफेक झाल्यावर लडकू काहीतरी बोलला आणि गुप्ते हसले. मनोजने हे सगळं मनात एकापुढे एक रचलं.

खेळ सुरू झाला. धामणखिंडचा एक आडदांड बॅक होता, पहिल्यापासून पोरांच्या घोट्यांवर बूट मारत होता. चेंडू बाहेर गेल्यावर गुप्ते त्याच्या बाजूने चालत गेले, मान न वळवता दोन शब्द बोलले आणि पुढे निघून गेले. ना शिट्टी, ना कार्ड, ना हातवारे. तो बॅक त्यानंतर घोट्यांवर गेला नाही. मैदानाभोवतीच्या माणसांना हे दिसलंच नाही. मनोजला दिसलं आणि त्याने दात खाल्ले.

“काय कुजबुजला रं तो त्याच्या कानात?” त्याने शेजारच्याला विचारलं.

“कोन कोनाच्या?” शेजारचा चेंडू बघत होता.

मग ऋषिकेशने डाव्या बाजूने चेंडू काढला, कमळ्याला दिला, आणि कमळ्याने गोल केला. कमळ्या म्हणजे सावरखांडचा फॉरवर्ड, बुटका आणि सशासारखा चपळ. धामणखिंडची पोरं ऑफसाईड म्हणून ओरडत गुप्त्यांकडे धावली. गुप्त्यांनी मान हलवली, मध्यावर बोट दाखवलं आणि घड्याळात बघत मागे सरकले. गोल सावरखांडला मिळाला. गाव नाचलं. लोकांनी मनोजला उचललं, तर वर गेल्या गेल्याही त्याची नजर पंचावरच होती. एक गोल देऊन ठेवायचा म्हणजे पुढे कोणी बोट दाखवायला नको, हे न कळायला तो काय दूधपिता होता? अर्ध्या वेळेच्या थोडं आधी धामणखिंडने कॉर्नरवर डोक्याने गोल केला, स्वच्छ, कोणाचा धक्का ना हात. मनोजने मान डोलावली. सुरू झालं, तो मनात म्हणाला.

अर्ध्या वेळेत पोरं आंब्याखाली पाणी पीत बसली. एक-एक बरोबरी, आणि खेळ आपला वरचढ. अशा वेळी शहाणा मॅनेजर पोरांची पाठ थोपटतो आणि गप्प बसतो. मनोज त्यांच्यामध्ये उकिडवा बसला आणि म्हणाला, “नीट ऐका. पंच त्यांचा हाय.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

“काका, त्यांनी आपला गोल दिला की,” ऋषिकेश म्हणाला.

“दाखवायला दिला. सकाळी मी माझ्या कानांनी ऐकलंय. संध्याकाळचं जेवन आपल्यात सांगून ठेवलंय त्यानं. आपल्यात! सामन्याच्या आधी! आजीला विचार जा.”

ऋषिकेशने चुलीकडे पाहिलं. सुंदरा पाठ करून भाकऱ्या थापत होती. डब्याची गोष्ट आपल्या हातून झाली याने ती आधीच कानकोंडी झाली होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. ते पाहून ऋषिकेशचा चेहरा उतरला. तो मनोजच्या अंगाखांद्यावर खेळलेला मुलगा. काकाने पहिला चेंडू आणून दिला, काकाने पहिले बूट घेऊन दिले. काका म्हणाला तर तसंच असणार.

“मंग काय करायचं?” त्याने विचारलं.

“ध्यानात ठेवायचं. आपल्यासाठी शिट्टी वाजनार नाय. त्यांनी पाडलं, मारलं, काय पन केलं, तो वाजवनार नाय. तसं दिसलं की जागच्या जागी उभं ऱ्हायचं, हात वर करायचे, सगळ्यांना दिसू द्यायचं. लोकांच्या डोळ्यांसमोर आलं पायजेल.”

दुसऱ्या अर्ध्यात सावरखांडची पोरं बदलली. पाय खेळत होते, पण नजर सारखी काळ्या कपड्यांकडे जात होती. जरा धक्का लागला की चौघे जण थांबून पंचाकडे बघायचे. गुप्ते रास्त तिथे शिट्टी वाजवत होते, सावरखांडला दोनदा फ्रीकिकही मिळाली. पण हे कोणी मनावर घेतलं नाही. आता प्रत्येक जण न वाजलेली शिट्टी मोजत होता.

खेळ संपत आला आणि ती वेळ आली. कमळ्या चेंडू घेऊन मधून सुटला. त्या आडदांड बॅकने मागून पाय घातला आणि कमळ्या तोंडावर पडला. पण पडता पडता त्याच्या पायाचा चेंडू पुढे सरकला तो थेट ऋषिकेशच्या पुढ्यात. धामणखिंडचा गोलकीपर कमळ्यावर धावून आला होता, तो बाजूला राहिला. ऋषिकेशसमोर मोकळा गोल. दहा पावलांवर. चेंडू नुसता ढकलायचा होता.

गुप्त्यांनी शिट्टी वाजवली नाही. त्यांनी दोन्ही हात सरळ पुढे केले आणि धावता धावता “खेळा, खेळा” म्हणाले.

“बघितलंत!” मनोज कडेवरून किंचाळला. “वाजवली नाय!”

ऋषिकेश थांबला. मोकळ्या गोलसमोर, चेंडू पायाशी असताना, तो उभा राहिला, पंचाकडे वळला आणि त्याने दोन्ही हात वर केले. त्याच्या मागे सावरखांडच्या सगळ्या पोरांनी हात वर केले. धामणखिंडच्या एका पोराने धावत येऊन त्याच्या पायातला चेंडू नेला आणि लांब मारला. तिकडे त्यांचा फॉरवर्ड एकटा होता. सावरखांडचा गोलकीपर सोडून बाकी दहाही जण अजून हात वर करून उभे होते. गोल झाला.

गुप्त्यांनी एकदा ऋषिकेशकडे पाहिलं. त्यांनी मध्यावर बोट दाखवलं. थोड्याच वेळात शेवटची शिट्टी झाली आणि ढाल लडकूच्या डोक्यावर नाचत तिकडच्या चुलीकडे गेली.

मनोजला दुःख झालं, पण त्याहून जास्त एक समाधान झालं, आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. माणसाला हरल्यावर एवढं तरी लागतं.

रीतीप्रमाणे पंगत बसली. रीतीप्रमाणे गुप्ते हातपाय धुऊन, शर्ट बदलून सावरखांडच्या पंगतीत आले आणि ऋषिकेशच्या शेजारी रिकाम्या पत्रावळीवर बसले. सुंदराने त्यांना पहिली भाकरी वाढली. मग तिने टोपलीमागचा डबा काढला, झाकण उघडलं आणि बिरडं वाढलं. पंगतीतला प्रत्येक जण त्या डब्याकडे बघत होता. मनोज वाढप सोडून पुढे आला.

“गुप्तेसायेब,” तो म्हणाला, “तुमच्यासाठी हे कधी काढून ठेवलं, सांगा सगळ्यांना.”

गुप्त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. “सकाळी,” ते म्हणाले.

“सामन्याच्या आधी.”

“हो. मीठ घालायच्या आधी.”

“म्हंजे आमी हरनार हे तुमाला सकाळीच ठावं व्हतं.”

पंगतीत चुळबुळ झाली. कमळ्या पत्रावळीवरून अर्धवट उठला, त्याच्या मागोमाग आणखी दोघे उठले. त्या मैदानावर पंचाच्या पानावरून पंगत कधी मोडली नव्हती. मोडली असती, तर गुप्ते पुन्हा या तालुक्यांत शिट्टी घेऊन उभे राहिले नसते. चाळीस माणसं उपाशी उठली ही गोष्ट शिळफाट्याच्या चहाच्या टपऱ्यांवर वर्षानुवर्षं पुरली असती.

“मनोजराव, मी दोन्हीकडे सांगितलं होतं,” गुप्ते म्हणाले. “इथून उठलो तो सरळ तिकडे गेलो. कुठे जेवायचं हे मला सकाळी कसं कळणार? म्हणून दोन्हीकडे.”

मनोज हसला. “आता काय, सांगाल ते. आणि आमी विचारायचं कोनाला, लडकूला? तो बरा खरं सांगंल.”

“विचारून तर बघा.”

“कायेक गरज नाय. उद्याच समितीत उभा राहून सांगतो. परत या मैदानावर पाय ठेवू देनार नाय तुमाला.”

गुप्त्यांनी घास पत्रावळीवर ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. अशा वेळी काय बोलायचं याची त्यांना सवय नव्हती. इतकी वर्षं त्यांच्याशी या मैदानावर कोणी भांडलंच नव्हतं. ते उठायला म्हणून हात टेकत होते, तेवढ्यात मैदानातून एक बाई पदराखाली काहीतरी धरून लगबगीने येताना दिसली. धामणखिंडच्या चुलीवरची भागूबाई. जिंकलेल्या गावाची बाई हरलेल्यांच्या पंगतीत येताना जरा अवघडते, तशी ती अवघडली होती. तिने कोणाकडे न बघता थेट सुंदराचा पदर धरला.

“सुंदराबाय, हे घ्या. गुप्तेसायबांचं अळणी बिरडं. सकाळी सांगून गेले व्हते, मीठ घालायच्या आधी काढून ठेवा म्हून. आता ते तुमच्यात जेवनार ना. आमच्यात कोन खातंय अळणी? वाया जाईल.”

तिने पदराखालून एक छोटं पातेलं काढलं. त्यावर ताटली होती, आणि ताटलीवर फडकं बांधलेलं होतं.

“मी पन ठेवलंय काढून,” सुंदरा हळूच म्हणाली.

“म्हंजे दोनीकडं सांगितलं व्हय,” भागूबाई म्हणाली. “मी आपली दिसभर लपवत बसले. आमचा लडकू बघंल तर म्हनंल, पंचाचं ताट मांडलंस, हरवशील आमाला.” आणि ती आली तशी लगबगीने निघून गेली.

कमळ्या पुन्हा पत्रावळीवर बसला, दुसरे दोघेही बसले. मनोज पंगतीमध्ये उभा होता. गेटवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाने पिशवी तेवढी बघितली, आणि पिशवीवाला पुढे कुठे जातो हे बघितलं नाही. एवढं सोपं होतं. मान वळवली असती तर गुप्ते सगळं मैदान ओलांडून तिकडच्या चुलीकडे जाताना दिसले असते. त्याला शरम वाटली.

“सायेब,” तो म्हणाला, “चुकलो मी.”

“बसा,” गुप्ते म्हणाले. “जेवून घ्या. गार होतंय.” आणि त्यांनी ठेवलेला घास उचलला.

गोष्ट इथे संपली असती तर मनोजचं थोडक्यात निभावलं असतं. पण ऋषिकेश जेवत नव्हता. तो गुप्त्यांच्या शेजारी भाकरीचा तुकडा बोटांत धरून बसला होता.

“सर,” त्याने विचारलं, “कमळ्याला पाडलं तवा तुमी दोन्ही हात पुढं केले. ते आपलं... ते आमच्यासाठीच व्हतं ना?”

गुप्त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायची त्यांची इच्छा नव्हती हे स्पष्ट दिसत होतं. “शिट्टी वाजवली असती तर खेळ थांबला असता,” ते शेवटी म्हणाले. “तुम्हाला फ्रीकिक मिळाली असती, पण त्यांची सगळी भिंत परत उभी राहिली असती. तुझ्यासमोर मोकळा गोल होता, म्हणून वाजवली नाही.”

“मला ठावं व्हतं ते,” ऋषिकेश म्हणाला. “हात दिसले मला. पाय उचलला व्हता मी.” मग त्याने मान वर करून मनोजकडे बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. “तुमी सांगितलंत म्हून थांबलो, काका.”

मनोज पंगतीच्या टोकाला जाऊन बसला. सुंदराने त्याच्या पानावर भाकरी ठेवली आणि विचारलं, रस्सा वाढू का. तो नको म्हणाला. त्याने भागूबाईचं पातेलं ओढून घेतलं आणि त्यातलं अळणी बिरडं सगळंच्या सगळं खाल्लं. आईने मिठाची वाटी पुढे केली, तिला त्याने हात लावला नाही.

गुप्ते जेवले, सुंदराला नमस्कार केला, खिशातला दगड काढून बांधावर टाकला आणि स्कूटरवर बसून कर्जतला गेले. त्यांना निरोप द्यायला कोणी उठलं नाही, कारण ते केव्हा गेले हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

देवळातला तो खिळा अजून आहे. पुजाऱ्याने त्याला कॅलेंडर लावलंय. त्या फायनलची गोष्ट सावरखांडच्या पारावर वरचेवर निघते. मोकळा गोल, हात वर करून उभी राहिलेली दहा पोरं, मनोजचं किंचाळणं, सगळं मीठमसाला लावून सांगितलं जातं, आणि मनोज तिथे बसलेला असला तरी सांगितलं जातं. मग नवखा कोणीतरी विचारतो की त्या सामन्याला पंच कोण होता. माणसं डोकं खाजवतात.

“हरी गुप्ते,” मनोज खाली बघत सांगतो. बाकी कोणाला ते नाव आठवत नाही.